गुडघ्याचं सोंग

आक्का, आज मी तुला अहो-जाहो करणार नाही. सदतीस वर्षं केलं, पुरे झालं. लग्न होऊन कोल्हारला आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, थोरल्या जावेशी मानानं बोलायचं. तेव्हापासून "तुम्ही जेवलात का", "तुम्ही बसा, मी बघते". भांडण झालं तरी "तुमचं हे मला पटलं नाही" याच्यापुढे माझी गाडी कधी गेली नाही. अहो म्हणत धड भांडता येत नाही, निम्मा राग तिथंच जिरतो. तुला जाऊन सतरा दिवस झालेत आणि मला तुझ्याशी कडाकडा भांडायचंय, म्हणून आज तू.

तेराव्याला आलेल्या बायका एकमेकींना सांगत होत्या, "आक्का नशिबाच्या बाई. बोलता बोलता गेल्या, कुनाला तरास न्हाई." मी भात वाढत होते. हातातला डाव पातेल्यात असा आपटला की सगळ्या चिडीचूप झाल्या. त्यांना वाटलं, धाकटीला दुःख आवरेना. दुःख नव्हतं गं ते, संताप होता. त्याच सकाळी तुझ्या सुनीलला तुझं आधार कार्ड हवं होतं म्हणून मी तुझं कपाट उघडलं होतं आणि पासपोर्टाच्या निळ्या फाईलमध्ये मला डॉक्टरांचा कागद सापडला होता.

कागदावरची तारीख संक्रांतीच्या आधीची. हृदयाची झडप खराब झालीय, ऑपरेशन करावं लागेल, तोवर दगदग करायची नाही. सात महिने तो कागद तू पासपोर्टाखाली दडवून ठेवलास. सुनीलला सांगितलं नाहीस, मला सांगितलं नाहीस. दळणाचा डबा डोक्यावर घेऊन गिरणीत जात राहिलीस. मी म्हणायचे, "आक्का, दम लागतोय का हो तुम्हाला?" तू म्हणायचीस, "चढ हाय गं." आपल्या घरापासून गिरणीपर्यंत कुठं आहे चढ? मी भूगोल शिकवला आयुष्यभर आणि मला हे सुचलं नाही.

आणि तो कागद ठेवायला तुला जागा कुठली मिळाली, तर पासपोर्टाची फाईल. म्हणजे जायचं तुझ्या मनात होतंच. तिकडे समुद्रापार पोर्ट ऑफ स्पेन नावाच्या गावात एका बाईनं आपल्या दोघींसाठी खोली राखून ठेवलीय, येत्या माघात. तिला मी काय कळवायचं होतं ते तूच सांग.

सुरुवात तूच केलीस. दोन वर्षांपूर्वी, मी शाळेतून निवृत्त झाले त्या उन्हाळ्यात, तुझ्या दाढेसाठी आपण श्रीरामपूरला गेलो होतो. नंबर यायचा होता, तू माझ्या मोबाईलशी खेळत होतीस. एकदम ओरडलीस, "अगं ए मास्तरीन, हितं बघ! ह्या म्हाताऱ्या बायांनी सोंगं काढल्यात!" गाल धरून बसलेली सगळी माणसं आपल्याकडे बघायला लागली. मोबाईलमध्ये सत्तरीची एक जाडजूड बाई, डोक्यावर हातभर उंच पिसं, अंगभर मणी, भर रस्त्यात नाचत होती. तिच्या मागं तसल्याच आणखी शंभरेक बाया. खाली लिहिलं होतं, कार्निव्हल, त्रिनिदाद. मी लगेच शिकवायला सुरुवात केली. कॅरिबियन समुद्रातलं बेट, वेस्ट इंडिजपैकी एक.

"म्हंजी क्रिकेटवाले?"

"हो, तेच."

"आनि बाप्ये कुठं हायेत?"

"आहेत की. ते बघा, मागं नाचतायत."

"मागं!" तू माझ्या मांडीवर जोरात थाप मारलीस. दाढ काढल्यावर तोंडात कापसाचा बोळा होता, तरी कोल्हार येईपर्यंत तुझं तेच चाललं होतं.

तुला त्याचं एवढं का लागलं ते मला ठाऊक होतं. तुझ्या माहेरी, आपल्याच जिल्ह्यातल्या अकोल्याकडे, दर उन्हाळ्यात सोंगं निघायची. कागदाचे मोठाले मुखवटे लावून गावातले पुरुष देव व्हायचे, राक्षस व्हायचे आणि देव्याही तेच व्हायचे. तुझे वडील देवी व्हायचे, तुझ्या आईचं लुगडं नेसून. निऱ्या घालून द्यायला आई, पदर टाचून द्यायला आई आणि देवी व्हायला मात्र वडील. मुखवटे तुमच्याच घरी बनायचे. चिंचोक्यांची खळ शिजवायची, रद्दी भिजवून लगदा करायचा, तो तू मळायचीस. दहा वर्षांची असताना तू दाराआड जाऊन देवीचा मुखवटा तोंडाला लावलास. वडिलांनी पाहिलं. रागावले नाहीत, नुसता काढून घेतला आणि म्हणाले, "बाईमानसानं सोंग काढायचं नसतं, बाय. बाईच्या अंगात येतं." हे तू मला शंभर वेळा सांगितलं असशील आणि दरवेळी शेवटी तेच विचारायचीस, "आलं आस्तं अंगात तर काय बिघडलं आस्तं?"

खोली मीच शोधली. पोर्ट ऑफ स्पेन ही त्रिनिदादची राजधानी, हे मी नकाशा काढून समजावलं, तरी तू गल्लीत सांगून आलीस की आमी दोघी स्पेनला चाललोय. घरमालकीण ग्लोरिया, निवृत्त नर्स, आपल्याच वयाची. पहिल्यांदा व्हिडिओवर बोललो तेव्हा तिनं हसून विचारलं, "यू कमिंग टू प्ले मास?" तू गळ्यातली तुळशीची माळ हातात धरून मोबाईलपुढे नाचवलीस. "नो मास! नो मच्छी! वुई माळकरी. ओन्ली भाजी!" ग्लोरियाचं तोंड उघडंच राहिलं. मला हसू आवरेना, मी मोबाईल टेकवून मोरीत जाऊन हसून आले. मग तुला सांगितलं, अहो, मास म्हणजे मटण नव्हे. मास म्हणजे मुखवटा, वेश. प्ले मास म्हणजे सोंग काढणं.

"मंग सोंग म्हनावं की सरळ!" आणि मोबाईलकडे तोंड करून, "सॉरी ग्लोरियाबाई. मास येस. लई मास येस."

तेव्हापासून तो शब्द घरात शिरला. नातीचं शाळेच्या वेळी पोट दुखायला लागलं की तू म्हणायचीस, "मास खेळतीया." दूधवाला पाणी घातलं नाही म्हणून शपथ घ्यायला लागला की, "लई मास खेळू नको." मी हसायचे. मला काय माहीत, हा शब्द तू माझ्यासाठीही वापरणार आहेस.

त्यांच्या सणाची तारीख दरवर्षी बदलते म्हटल्यावर तू पंचांग काढलंस, मी इंटरनेटवरून मागच्या चार वर्षांच्या तारखा वाचल्या आणि तू बोटानं तिथी शोधल्यास. कधी माघ, कधी पौष, पण बहुतेक अमावस्येच्या आगंमागं. "म्हंजी त्यांचंबी चंद्रावरच चालतंय की!" सोमवार-मंगळवारी नाच आणि बुधवारपासून चाळीस दिवस उपास, हे ऐकून तर तू खूशच झालीस. म्हणालीस, "ह्ये बेस. आपल्यात उपासानंच कंबर मोडती, नाचायला कोन उरतंय?"

पासपोर्टाच्या चौकशीला पोलीस आला. त्यानं विचारलं, "आजी, परदेशात कशासाठी जाताय?" तू म्हणालीस, "सोंग काढाया." त्याचं पेन थांबलं. मी घाईघाईनं म्हटलं, "पर्यटन लिहा, पर्यटन." तो गेल्यावर तू माझ्याकडे बघत राहिलीस.

"तुला लाज वाटती व्हय गं?"

"लाज कसली? उगाच घोटाळा नको म्हणून."

वाटत होती, आक्का. भयंकर वाटत होती. या गावातली निम्मी माणसं माझ्या वर्गातून गेलीत. बँकेत जावं तर "नमस्कार बाई", दवाखान्यात "नमस्कार बाई", पेट्रोल भरायला थांबावं तर तिथंही. त्यांच्या मोबाईलवर मी पिसं लावून कंबर हलवताना दिसले तर, या विचारानं मला दरदरून घाम फुटायचा. तुला हे कळलं नसतं. तू आयुष्यात कुणाची 'बाई' नव्हतीस.

ग्लोरियानंच एकदा नेमकं विचारलं होतं, खेळायला येताय की बघायला? बघायचं तर खुर्च्यांची वेगळी तिकिटं असतात. तू म्हणालीस, खेळायला. मी म्हणाले, बघायला. तिथून जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही.

"त्रेसष्ट वर्सं बघितलंच की. आजून किती बघू?"

"तुम्ही खेळा ना. मी खुर्चीवर बसून तुमचे फोटो काढते."

"मंग कोल्हारातच बस की. हितं काय खुर्च्या न्हाईत?"

तू चार दिवस माझ्याशी बोलली नाहीस. पाचव्या दिवशी चिंचोके भिजत घातलेस. ओट्यावर बसून दोन मुखवटे केलेस, वडिलांसारखेच. एक रंगवलास, पिवळी देवी, वटारलेले डोळे, कपाळभर कुंकू. दुसरा नुसताच पांढरा ठेवलास. "तुला काय व्हायचंय ते तू सांग, मंग रंगविते." मी सांगितलं नाही. आज बघू, उद्या सांगते, असं करत राहिले.

आणि संक्रांतीच्या आठवड्यात मी गुडघा धरला.

आता नीट ऐक. तू जिवंत असताना हे माझ्या तोंडातून निघालं नाही, त्याचा मला सगळ्यांत जास्त राग आहे. माझा गुडघा दुखत नव्हता. एक दिवससुद्धा नाही. मला जायचं नव्हतं आणि तुला तोंडावर नाही म्हणायची माझ्यात हिंमत नव्हती. चाळीस पोरांच्या वर्गाला एका नजरेत गप्प करणारी मी, तुझ्यापुढे लंगडत आले. तू माझ्याकडे बघितलंस. मग म्हणालीस, "ऱ्हाऊ दे यंदा. म्होरल्या वर्साला जाऊ. कार्निव्हल कुठं पळून चाललाय?"

त्या संध्याकाळपासून तू तेल गरम करायला लागलीस. तिळाचं तेल, त्यात लसूण आणि ओवा. मी खुर्चीत, तू खाली फरशीवर. "आज कंचा?" असं विचारायचीस, मी एक पाय पुढे करायचे आणि तू अंगठे दाबून दाबून चोळायचीस. मधेच थांबायचीस, तोंड उघडून श्वास घ्यायचीस. मी विचारायचे, "दमलात?" तू म्हणायचीस, "न्हाई, त्येल लई गरम हाय." डॉक्टरांनी दगदग करू नका म्हणून लिहून दिलेलं, तो कागद पलीकडच्या कपाटात, आणि तू माझा धडधाकट गुडघा चोळत बसलेलीस. महिनाभर! मला आता त्या खुर्चीत बसवत नाही. परवा ती उचलून मी परसात टाकली. आमचे हे म्हणाले, "खुर्चीनं काय केलंय?" मी त्यांच्यावरही खेकसले.

सांग ना, कुणी सांगितलं होतं तुला हे असलं सोंग करायला? तू आजारी असून धट्टीकट्टी आणि मी धट्टीकट्टी असून आजारी, अशा दोघी समोरासमोर बसून एकमेकींना फसवत होतो. तू एक शब्द बोलली असतीस तर मी तुला ओढत मुंबईला नेलं असतं. ऑपरेशन झालं असतं, सहा महिन्यांत तू गिरणीत गेली असतीस. मला ठाऊक आहे तू का बोलली नाहीस. ऑपरेशन म्हटलं की सुनीलनं तुला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं, मग कसलं त्रिनिदाद. म्हणजे तू एका नाचासाठी जीव पणाला लावलास आणि मी तोच नाच चुकवायला गुडघा. काय म्हणावं आपल्याला?

कागद बघून सुनील ओट्यावर बसून रडला. त्याच्यावर मी रागावायला नको होतं, पण तोच दुसऱ्या दिवशी म्हणाला, "काकू, ते तिकडचं रद्द करून टाका. वर्षाच्या आत आपल्याला सन न्हाई करता येत. गौरीबी बसवायच्या न्हाईत यंदा. आनि तुमी नाचायला गेल्या तर लोकं काय म्हनतील?" माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "तुझ्या आईचं एक वर्ष मी घालवलंय, आता हे दुसरं तू घालव." त्याला काही कळलं नाही. कसं कळणार? मी आणखी काही सांगितलंच नव्हतं.

तरी रद्दच करायचं ठरवलं होतं, आक्का. खोटं कशाला बोलू. सुनीलनं माझ्या हातात चांगलं आयतं कारण दिलं होतं, गुडघ्यापेक्षाही भारी. या कारणावर कुणी तेल लावायला आलं नसतं.

परवा सकाळी मी ग्लोरियाला लिहिलं की माझी जाऊ गेली, आम्ही येऊ शकत नाही. तासाभरात तिचं उत्तर आलं. तिनं लिहिलं होतं, फार वाईट वाटलं, तिच्याइतकं मला कुणी हसवलं नाही. आणि शेवटी, तुझा गुडघा अजून मास खेळतोय का?

मी तीनदा वाचलं. म्हटलं, म्हणजे काय? मग तिनं तुझा जुना निरोप पाठवला, आवाजातला, संक्रांतीनंतरचा. माझ्या नकळत तू तिला कधी आणि कुणाच्या मोबाईलवरून निरोप पाठवायला लागलीस? मी मोबाईल कानाला लावला आणि तू बोललीस. "ग्लोरियाबाई, धिस इयर नो कम. सिस्टर नी नो पेन. वन डे राइट नी, वन डे लेफ्ट नी. नी प्लेइंग मास!" मग तू हसलीस, हसता हसता तुला खोकल्याची ढास लागली, बराच वेळ लागली. मग पुन्हा तुझा आवाज, "शी फियर. नो प्रॉब्लेम. नेक्स्ट इयर आय ब्रिंग. शी प्ले."

तुला माहीत होतं! "आज कंचा?" म्हणून विचारायचीस ते यासाठी! रोज माझं सोंग बघत होतीस आणि रोज तेल तापवत होतीस. एकदा तरी तेलाची वाटी माझ्या डोक्यावर उपडी करायचीस. एकदा तरी म्हणायचंस, ऊठ, पुरे झालं तुझं. तू माझी थोरली जाऊ होतीस, तुला तो हक्क होता. माझी भीड मोडायची वाट बघत तू वर्ष घालवलंस आणि तुझ्याकडे वर्ष नव्हतं. हे तुला एकटीला माहीत होतं आणि तरी घालवलंस. याची मी तुला माफी देणार नाही. आणि कुणी माझ्यासाठी एवढं कधी केलेलंही नाही, हेही आत्ताच ऐकून ठेव, परत मी म्हणणार नाही.

काल सुनीलला बोलावून सगळं सांगितलं, गुडघ्यासकट. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "आईनं तुमाला तसं म्हनलं आसंल तर मी कोन अडविनारा? पर गावाला काय सांगायचं?" मी म्हटलं, "स्पेनला गेली म्हणून सांग." तो रडत होता, तरी हसला.

आज दुपारी मी तुझे दोन्ही मुखवटे फळीवरून खाली काढले. पिवळी देवी तशीच ठेवली, ती तुझी आहे, तिला हात लावायचा नाही. पांढरा पुढ्यात घेतला आणि रंगाच्या डब्या उघडल्या. मला काय व्हायचंय ते शेवटी ठरलंय. कपाळ रुंद केलं. भुवयांच्या मधोमध हिरवं गोंदण काढलं. उजव्या गालावर तीळ. तोंड उघडं ठेवलं आणि पुढचा एक दात अर्धाच रंगवला, तुझा तुटका होता तसा. मी तुझं सोंग काढणार आहे. तुझं जांभळं लुगडं नेसणार आहे. तुझ्या आईचं नेसून तुझे वडील देवी झाले, तर तुझं नेसून मी आक्का व्हायला काय हरकत आहे? आमच्या शाळेतल्या पोरांना काय बघायचं ते बघू देत मोबाईलवर. त्यांच्या बाई दिसणारच नाहीत त्यांना, तूच दिसशील.

रंग वाळायला ठेवला आणि ग्लोरियाला कळवलं, खोली राहू दे, एकटी येतेय, खेळायला.

मग उठायला गेले. तीन तास मांडी घालून बसले होते. गुडघ्यातून अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी आली. खरी कळ, आक्का, डाव्या गुडघ्यात. भिंत धरून तशीच उभी राहिले, मग स्वयंपाकघरात गेले. तेलाची वाटी तुझ्या जागेवरच होती. लसूण घातला, ओवा घातला, तापवलं, फरशीवर बसले आणि माझं मीच चोळलं. तुमच्यासारखं नाही जमलं.